तुलेचं वजन

सरकटे डॉक्टरांना एका बालरुग्णालयाच्या मालकानं फसवलं. आपल्या दवाखान्यात झालेली चूक त्यानं डॉक्टरांच्या नावावर खपवली आणि रिसोडनं ती खपवून घेतली. मालकाचं नाव मी लिहीत नाही. वकील लिहू नका म्हणाला, आणि जगात वकील हा एकच माणूस आहे ज्याचं मी न भांडता ऐकतो. बाकी सगळं लिहितो. माझी बायको लिहा म्हणाली, म्हणूनच लिहायला बसलो. तिची परवानगी का लागली, ते ओघात येईलच.

मी सोयाबीनचा अडत्या. याच बाजार समितीत पाठीवर पोती वाहिली आणि याच बाजार समितीत आडत टाकली. मला मोल करता येतं. ट्रॅक्टरवरचा शेतकरी खाली उतरायच्या आधी तो कितीवर सोडेल हे मला त्याच्या उतरण्यावरून कळतं. भाव करताना माझा आवाज चढतो हे खरं आहे, पण चढलेल्या आवाजाचाही उपयोग असतो. ज्याच्यापुढं तो कधी चालला नाही असा एकच माणूस मला भेटला, आणि तो मला माझ्याच दुकानात भेटला.

ऐन हंगामात एक उंच, वाळका माणूस स्कूटरच्या मागच्या सीटवर लहान मुलांचा वजनकाटा दोरीनं बांधून आला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात दोरीला लोंबकळणारा चष्मा. काटा त्यानं सरळ माझ्या गादीवर ठेवला.

"तुमच्याकडं शिक्क्याची वजनं हायेत म्हणे?"

"हायेत. काय इकाचं हाये?"

"काई इकाचं नाई. माहा काटा खरा बोलते का, ते पाहाचं हाये."

मी म्हटलं, "डॉक्टर दिसता तुमी. सोताच्या काट्यावर भरोसा नाई?"

"दुसऱ्याच्या काट्यावर हाये थोडासा. सोताच्या काट्यावर अजिबात नाई."

माझ्या लोखंडी वजनांनी त्यानं तो काटा एकेक करून तपासला. एका ठिकाणी काटा थोडा खोटा निघाला, तेव्हा त्याला बरंच वाटलं. बाहेर ट्रॅक्टरवाले बोंबलत होते, मी हमालांवर ओरडत होतो, आणि हा माणूस मांडी घालून काट्याचा स्क्रू फिरवत होता. जाताना म्हणाला, "दर महिन्याले येइन. चालन ना?" मी म्हटलं, "भाडं लागन." तो म्हणाला, "चहा पाजा, तेच भाडं." म्हणजे भाडंही मलाच भरायला लावलं. मी घासाघीस करायला तोंड उघडलं तोवर स्कूटर चालू झाली होती.

ते जऊळक्याचे. वडील रेल्वेच्या रुळांवर काम करत. बौद्ध वस्तीतल्या घरातून शाळा, तिथून नागपूरला डॉक्टरकी, मग लहान मुलांचे डॉक्टर म्हणून सरकारी नोकरी. निवृत्तीनंतर रिसोडला एसटी स्टँडच्या मागं त्यांनी दोन खोल्यांचा दवाखाना टाकला. फिट येणाऱ्या मुलांसाठी लांबून लोक येत. दर गुरुवारी ते त्या मोठ्या बालरुग्णालयातही बसायचे, मालकाच्या आग्रहावरून. आग्रह कशासाठी होता हे मला तेव्हाच कळलं होतं. बाहेरच्या पाटीवर सरकटे डॉक्टरांचं नाव असलं की आत गर्दी होत होती.

त्यांच्या दवाखान्यात पहिलं काम वजन. ताप असो, खरूज असो, नुसतं दाखवायला आणलेलं मूल असो. आई म्हणाली, "बारा किलो हाये, डॉक्टरसाहेब," की ते म्हणायचे, "सांगू नको माय, दाखव." मग मुलाला बगलेत धरून वर उचलायचे, एक क्षण थांबायचे, मोठ्यानं आकडा बोलायचे आणि मग काट्यावर ठेवायचे. काटा आणि ते यांच्यात फरक पडला तर आधी काट्याकडं संशयानं बघायचे.

मोठ्यांनाही सुटका नव्हती. माझ्या मेहुण्याच्या मुलाच्या लग्नात नवरदेवाच्या चुलत्याला मांडवातच उलट्या सुरू झाल्या. सरकटे डॉक्टर पाहुणे म्हणून आलेले. त्यांनी स्कूटरवरून मोठा काटा काढून आणवला आणि चुलत्यांना म्हणाले, "फेटा काढा."

चुलते म्हणाले, "अहो, मी मरून राह्यलो अन् तुमी फेटा काढाले लावता!"

"फेट्याले औषध द्याचं नाई मले."

आमच्या शेजारच्या गाळ्याचे एक शेठ आहेत, देह असा की खुर्ची आधी विचार करते. एकदा ते म्हणाले, "डॉक्टर, मी शंभराच्या वर हाये. मले एका गोळीनं काय होते? दोन द्या." डॉक्टरांनी त्यांच्या पोटावर बोट टेकवलं. "हे वजन माह्या हिशोबात नाई शेठ. हे औषध चरबीत जातच नाई. तुमच्या पोटाले ते वळखतही नाई." शेठ आठ दिवस दुकानासमोरून गेले तरी बोलले नाहीत.

मला या माणसाची गंमत वाटायची ती यासाठी की त्यांचा धंदा आणि माझा धंदा एकाच जातीचा होता. मी सोयाबीनचा दाणा दातांखाली धरून ओल सांगतो. पोतं काट्यावर भरतं तेवढं सगळं सोयाबीन नसतं, त्यात पाणी असतं, आणि पाण्याचे पैसे मी देत नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा माणूस म्हणून बघितलं असावं.

"म्हंजे तुमाले अर्धी डॉक्टरकी येते," ते म्हणाले. "लेकराच्या अंगात पाणी जास्त, म्हाताऱ्याच्या अंगात कमी. किलो तोच, पण रक्तात औषध सारखं नाई उतरत."

मग ते मला समजावत. मूठभर मिठानं घरची आमटी खारट होते आणि तेवढ्याच मिठानं पंगतीचं वरण अळणी राहतं. मीठ किती टाकलं एवढ्यावर चव ठरत नाही, पातेलं केवढं हे आधी बघावं लागतं. मुलाचं वजन म्हणजे पातेल्याचा अंदाज. त्यावरून डोस, आणि डोसावरून रक्तात औषध किती असेल याचा अंदाज. फिटच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण तपासता येतं. नमुना अकोल्याला जायचा आणि रिपोर्ट यायला वेळ लागायचा. तो येण्याआधी डॉक्टर आपला आकडा सगळ्यांसमोर बोलून ठेवायचे. "रिपोर्ट पाहून तर कोणीबी सांगन," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या आकड्यावर मी त्यांच्याशी कचोरीची पैज लावायचो. मी जिंकलो की कचोरी मी खायचो. ते जिंकले की कचोरी मीच खायचो, कारण त्यांना तेलकट चालत नव्हतं. जिंकल्यावर ते फक्त शेंगदाणे आणि गुळाचा खडा मागत.

मंगरूळपीरकडच्या एका खेड्यातली बाई फिट येणारा मुलगा घेऊन यायची. डॉक्टरांचा अंदाज पंधराचा, रिपोर्ट आला आठाचा. मी तिथंच बसलो होतो, पैज जिंकून. डॉक्टरांनी तोंड आंबट केलं नाही. रिपोर्ट बाजूला ठेवून बाईला म्हणाले, "माय, औषध रोज देतं का?"

"रोज देतो ना साहेब. एक दिवस नाई चुकला."

"सगळं देतं?"

बाईनं मुलाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"अर्धं औषध कुठी तरी जाऊन राह्यलं. मांजर पेते का?"

तेव्हा बाई रडू आणि हसू एकदम आल्यासारखी म्हणाली, "याचा लहाना भाऊ रडते ना साहेब! गोड लागते ते. एकाले देऊ अन् एकाले नाई, असं कसं करू मी? दोघाईले अर्धं-अर्धं देतो."

त्यांच्या जागी मी असतो तर तिला तिथंच फाडून खाल्लं असतं. डॉक्टरांनी धाकट्याला दुसऱ्या दिवशी आणायला सांगितलं, तपासला, ठीक होता. मग त्याच्यासाठी साध्या टॉनिकची बाटली दिली आणि बाईला सांगितलं, "आता दोघाईले बराबर दे. पण ज्याची त्याले." ती गेल्यावर मला म्हणाले, "तुमी कचोरी खा, भाऊ. जिंकले तुमी. पण माहा अंदाज खोटा नोता. आईचा जीव हिशोबात धराचा राहून गेला, इतकंच."

आता चिऊचं सांगतो. चिऊ ही माझी नात, मुलाची मुलगी. तिला फिट येत. सरकटे डॉक्टरांच्या औषधानं त्या थांबल्या, तेव्हा माझ्या बायकोनं गावच्या देवीला बोललेला नवस फेडायचं ठरवलं. गूळतुला. मोठा तराजू माझ्याच आडतीवरून गेला. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि तो गूळ गावाला वाटायचा.

हे ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुलेत पारडी बरोबरीत आणत नाहीत. देवाचं पारडं जमिनीला टेकलंच पाहिजे. टेकल्यावरही घरातली मोठी बाई वरून आणखी एक ढेप ठेवते, देवाला कमी पडू नये म्हणून. मूल नव्या कपड्यांत, पायात चांदीचे वाळे, मांडीवर नारळ. असं सगळं मिळून जो गूळ भरतो तेच मुलाचं वजन म्हणून घरात, गल्लीत, सोयऱ्यांत सांगितलं जातं. त्यातून कुणी काही वजा करत नाही. माझ्यासारखा अडत्याही करत नाही. देवापुढं कोण ओल काढतो?

तुलेनंतर काही दिवसांनी चिऊला सर्दी-तापात पुन्हा एक बारीक फिट आली. सरकटे डॉक्टर त्या दिवशी जऊळक्याला गेलेले. मी बाजारात. माझी बायको आणि सून तिला घेऊन त्या मोठ्या बालरुग्णालयात गेल्या. मालकही मुलांचा डॉक्टरच, तो स्वतः हजर होता. त्यानं विचारलं, "वजन?"

माझी बायको मोठ्या कौतुकानं म्हणाली, "अठरा किलो! परवाच तुला केली."

चिऊ भरत होती तेरा किलो. मालकाच्या खोलीत काटा होता. आकडे चमकणारा, भिंतीशी ठेवलेला. त्यानं मान डोलावली, अठराच्या हिशोबानं औषध वाढवलं आणि पुढचं मूल आत घेतलं.

हळूहळू चिऊचा तोल जाऊ लागला. दारू प्यालेल्या माणसासारखी पावलं टाकायची, डोळे एका बाजूला जाऊन थरथरायचे, जेवता जेवता झोपायची. सरकटे डॉक्टर अजून जऊळक्याहून परतले नव्हते, म्हणून पुन्हा तिथंच नेली. मालक म्हणाला, फिट आतल्या आत चालू आहेत, भरती करा, औषध आणखी वाढवू.

दुसरा दिवस गुरुवारचा होता. सरकटे डॉक्टर राउंडला आले, चिऊच्या खाटेपाशी थांबले. माझ्याकडं बघितलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढून बोट फिरवलं, तिला उभी करून बघितलं, मग बगलेत धरून उचललं.

"तेरा," ते म्हणाले. खाटेला अडकवलेला कागद बघून सिस्टरला विचारलं, "हे अठरा कोणी भरले?"

सिस्टर मालकाच्या खोलीकडं बघू लागली.

मालक आला. डॉक्टर त्याला शांतपणे म्हणाले, "फिट नाई हे. औषध चढलं. रक्तात तिसाच्या वर असन, चौतीस-पस्तीस. विसाच्या आत पायजे. आजचा डोस थांबवा अन् नमुना पाठवा."

मालक हसून म्हणाला, "डॉक्टर, डोस इतका काही वाढवला नाही. दीडपटही नाही. रक्तात एकदम इतकं कसं चढेल?"

तेव्हा ते माझ्याकडं वळले. मला वाटतं, मालकाला जे सांगायचं ते मला सांगणं त्यांना सोपं गेलं असावं. "भाऊ, हंगामात बाजार समितीचा काटा दिवसाले किती ट्रॅक्टर उरकते? समजा शंभर. शंभर येतात तोवर रोज रस्ता मोकळा. एकशेदहा येऊ लागले त काय होते?"

मी म्हटलं, "रोजचे दहा उरतात. आठवड्यात लाईन हायवेले लागते."

"तसंच हाये हे. लिवरचा काटा भरला की पुढचं सगळं औषध रक्तात लाईन लावून उभं राह्यते. थोडं वाढवलं म्हणून थोडं चढत नाई."

माझा आवाज चढला तो त्यानंतर. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. डोस थांबला तो डॉक्टरांच्या हिशोबानं की माझ्या आवाजानं, हे मी अजून ठरवलेलं नाही. अकोल्याचा रिपोर्ट आला, चौतीस. चिऊ आठवड्याभरात सरळ चालू लागली, मग पळू लागली, मग पडून गुडघे फोडू लागली. पैज मी लावली नव्हती, पण शेंगदाणे आणि गूळ घेऊन त्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथं तोवर दुसरीच हवा होती.

मालकानं आपल्या लोकांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून टाकलं होतं की अडत्याच्या नातीला सरकटेंच्या औषधानं विष चढलं, आम्ही भरती करून वाचवली. खोटं पसरायला त्यात सोय होती. फिटचं औषध म्हटलं की गावाला सरकटेच आठवत. पाटीवरचं त्यांचं नाव पुसलं गेलं. स्टँडच्या मागच्या बाकांवर आधी जागा मिळत नव्हती, तिथं आता पाय पसरून बसता येऊ लागलं.

मी मालकाकडं गेलो. त्यानं दार लावून घेतलं आणि चहा मागवला.

"शेठ, झालं ते झालं. तुमची नात आमचीच. जन्मभर तिला आम्ही पाहू, एक रुपया घेणार नाही. तुम्ही व्यवहारी माणूस आहात."

आयुष्यात कुणी समोरून इतका चांगला भाव दिला नव्हता. मी म्हटलं, "गुरुवारी तुह्या पाटीखाली उभा राहून खरं सांग, मंग चहा पेतो." तो म्हणाला, "मग आम्हालाही सांगावं लागेल, वजन खोटं कोणी सांगितलं ते." मी कप तसाच ठेवून उठलो.

तक्रार करायची म्हणून डॉक्टरांची साक्ष मागायला गेलो, तर ते काटा पुसत बसले होते.

"नाई, भाऊ."

"काहून नाई? तुमच्यावर ढकललं त्यानं!"

"तक्रार केली त पहिले कोणाले उभं करतील? वहिनीले. आजीनं वजन खोटं सांगितलं म्हणतील. पेपरात येईन. त्या माऊलीनं खोटं नाई सांगतलं. देवाले कमी पडू नये म्हणून ढेप ठेवली तिनं, लेकराचं वजन कौतुकानं सांगतलं. घरचे लोक कौतुकानंच सांगतात. काटा डॉक्टरकडं असते."

"अन् तुमचं नाव?"

"पोरगी पळून राह्यली ना? मंग!"

मी पाय आपटले, टेबलावर हात मारला, त्यांना भित्रा म्हटलं. ते काटा पुसत राहिले. बाजारात मी अठराचं तेवढं गाळून बाकी सगळं ओरडून ओरडून सांगितलं, तर लोक म्हणाले, तुमी त्यांचे दोस्त, तुमी असंच म्हणणार. माझा चढलेला आवाज तिथंही फुकट गेला. घरी मी अठराचं काही बोललो नाही. डॉक्टरांनी तशी शपथ घातली होती.

त्यांनी दवाखाना बंद केला आणि नांदेडला मुलीकडं जायचं ठरवलं. जऊळक्याहून गाडीत बसणार होते, म्हणून मी गाडी काढून तिथं गेलो. बायको आणि चिऊही बरोबर आल्या. स्टेशनवर गर्दी नव्हती. ते बाकावर एका पिशवीवर हात ठेवून बसले होते. बायकोनं तिथं, प्लॅटफॉर्मवर, त्यांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमी काहून चालले? लोक म्हणतात ते खरं हाये का?" ते म्हणाले, "लेकीनं बलावलं, वहिनी." मग माझ्याच्यानं राहवलं नाही. शपथ मोडून सगळं तिला सांगितलं. ती खाली बसली. गाडीची शिटी ऐकू आली तेव्हा उठली आणि मला म्हणाली, "लिहा. माहं नाव घालून लिहा. मी सांगतलं अठरा. पण मले काटा कोणं दाखवला?"

गाडी थांबली. डॉक्टर चढले, खिडकीशी आले. चिऊ तोवर प्लॅटफॉर्मवर उड्या मारत होती. ते तिच्याकडं बघत होते, तिचा आवाका मोजत असल्यासारखे.

"वाढली बरं का," ते म्हणाले. "औषध पुरणार नाई आता. डोस बदलावा लागन. पण अंदाजानं नाई, भाऊ. आधी वजन, मंग रक्त."

"कोणं करन ते?" मी ओरडलो. गाडी हलली होती. त्यांनी हात कानामागं धरला, ऐकू आलं नाही असं दाखवलं, आणि हसले. मला वाटतं, ऐकू आलं होतं.

माझ्या बायकोचं नाव कमल. तिनं अठरा किलो सांगितलं. हे आम्ही लिहून टाकलं, आता तुझ्याकडं धमकी उरली नाही. तर तू, बालरुग्णालयाचा मालक, आता उत्तर दे. काटा तुझ्या खोलीत होता, पोरगी तुझ्यासमोर उभी होती. दोन पावलं चालवून तिला त्या काट्यावर का चढवलं नाहीस? आणि ज्यानं तिला उचलून बघितलं त्याला तू या तालुक्यातून घालवलंस, तर आज माझ्या नातीचा डोस कोणी ठरवायचा? मला नको सांगूस. पाटीखाली उभा राहा आणि कमलला सांग.